जोश्याच्या घरचें घटिकापात्र

मराठी माणूस दिवसांतून किती वेळां 'घटकाभर थांबा' म्हणतो याची मोजदाद कोणीं ठेविली नाहीं. 'घटकेची फुरसत नाहीं', 'त्याची घटका भरली', 'शेवटच्या घटका मोजीत आहे', हे बोल अजून तोंडोंतोंडीं आहेत. परंतु ज्या वस्तूवरून ते निघाले ती वस्तु चालतांना डोळ्यांनीं पाहिलेला माणूस आतां विरळा. घटका भरते म्हणजे नेमकें काय भरतें, असें एखाद्या मुलानें विचारलें तर घरांतील वडील माणूसहि क्षणभर अडखळेल. उत्तर मात्र साधें आहे. भरते ती तांब्याची एक लहान वाटी.

नारळाच्या अर्ध्या करवंटीच्या आकाराची, पातळ पत्र्याची, आणि तळाशीं अगदीं मध्यावर सुईच्या अग्राएवढें छिद्र असलेली ही वाटी पाण्यानें भरलेल्या घंगाळांत अलगद सोडावयाची. ती तरंगते. छिद्रांतून पाण्याची बारीक धार वर उसळूं लागते, वाटी हळूहळू जड होते, तिचा कांठ पाण्याच्या पातळीशीं येतो, आणि मग पाहतां पाहतां ती तळाशीं जाते. घंगाळाच्या बुडाशीं आदळतांना बारीक नाद होतो. तोच एक घटका पुरी झाल्याचा निरोप. पहाऱ्यावर बसलेल्या माणसानें लगेच वाटी काढून रिकामी करावी, पुन्हां पाण्यावर ठेवावी, आणि एक खूण वाढवावी. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत अशा ६० घटका होतात. आजच्या हिशेबानें एक घटका २४ मिनिटांची. अडीच घटका म्हणजे एक तास, दोन घटका म्हणजे एक मुहूर्त. घटकेचीं ६० पळें. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचें. साठ गुरु अक्षरें सावकाश म्हणावयास जेवढा वेळ लागतो तेवढें एक पळ, असें शास्त्रकार सांगतात. याच घटिकापात्राला घटीपात्र, घटीयंत्र, आणि कपालाच्या म्हणजे कवटीच्या आकारावरून कपालयंत्र, अशीं निरनिराळीं नांवें आहेत.

ज्योतिषग्रंथांतून या पात्राचें वर्णन ठिकठिकाणीं येतें. सूर्यसिद्धांतांत एवढेंच सांगितलें आहे कीं, तळाशीं छिद्र असलेलें तांब्याचें पात्र निर्मळ जलाच्या कुंडांत ठेवावें, आणि तें अहोरात्रांत साठ वेळां बुडावें. लल्लादिक आचार्यांनीं पुढें मापेंहि दिलीं. तांबें दहा पळें वजनाचें. पात्राची उंची सहा अंगुळें, तोंडाचा व्यास बारा अंगुळें. त्यांत साठ पळें पाणी मावलें पाहिजे. आणि छिद्र पाडावयाचें तें सोन्याच्या चार अंगुळें लांब सुईनें, त्या सुईचें वजनहि ठरलेलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पळ हें वजनहि आहे आणि पळ हा काळहि आहे. साठ पळें पाणी भरण्यास लागणारा वेळ ती घटका, आणि त्या घटकेचा साठावा अंश तें पळ. आपल्या पूर्वजांनीं काळ जणूं तराजूंत घालून तोलला.

परंतु अशीं मापें देणें सोपें, आणि तीं तांबटाच्या हातोडीखालीं उतरविणें कठीण. पत्रा कोठें कणभर जाड, कोठें पातळ. छिद्र केसाएवढें मोठें झालें तरी घटका लहान होते. ही अडचण ज्यानें स्पष्ट शब्दांत मांडली तो भास्कराचार्य. इ. स. ११५० मध्यें, म्हणजे शके १०७२ त, रचलेल्या सिद्धांतशिरोमणींत त्यानें मापांचा हा सगळा खटाटोप बाजूस सारला आहे. असें पात्र घडविणें दुर्घट, आणि त्या मापांमागें युक्तिहि नाहीं, असा त्याचा अभिप्राय. त्यानें सांगितलेला मार्ग व्यवहारी माणसाचा आहे. अर्ध्या घटासारखें कसलेंहि तांब्याचें पात्र घ्या, त्यास छिद्र पाडा, एका अहोरात्रांत तें किती वेळां बुडतें तें मोजा, आणि त्या संख्येनें अहोरात्रास भागा. जें उत्तर येईल तें त्या पात्राचें मान.

या एका सूचनेंत घटिकापात्राच्या वंशपरंपरेचें सारें मर्म आहे. समजा, एखाद्या जोश्याच्या घरचें पात्र साठ वेळां न बुडतां बासष्ट वेळां बुडतें. मग त्याची प्रत्येक बुडी २४ मिनिटांची नसून सुमारें २३ मिनिटें १४ सेकंदांची झाली. एकदोन बुड्यांत हें कळावयाचें नाहीं. पण दहा घटका मोजीपर्यंत जवळ जवळ पावणेआठ मिनिटांचा फरक पडेल, आणि लग्नाचा मुहूर्त चुकेल. ज्याला बासष्टचा आंकडा ठाऊक आहे त्याच्या हातीं तें पात्र निर्दोष यंत्र आहे. ज्याला ठाऊक नाहीं त्याच्या हातीं ती केवळ तांब्याची वाटी. बापानें मुलास वाटी दिली आणि आंकडा सांगितला नाहीं, तर त्यानें कांहींच दिलें नाहीं. पोथी नकलून दोघां भावांस घेतां येते. परीक्षा झालेल्या पात्राची नक्कल तशी होत नाहीं. दुसरें पात्र घडविलें कीं त्याची परीक्षा पुन्हां मुळापासून करावी लागते.

ही परीक्षा करावयाची कशी? अंगणांत बारा अंगुळांचा शंकु उभा करून त्याची सर्वांत आंखूड छाया पडली कीं तो मध्याह्न. त्या क्षणीं पात्र सोडून दुसऱ्या दिवसाच्या मध्याह्नापर्यंत बुड्या मोजाव्या. म्हणजे रात्रभर जागावें लागे, आणि एकट्याचें तें काम नव्हे. विषुवदिन जवळ आला असतां निम्म्या श्रमांत काम भागे; कारण त्या दिवशीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सुमारें तीस घटका भरतात. एरवीं दिनमान बदलत राहतें. पुण्याच्या अक्षांशावर मोठ्यांत मोठा दिवस सुमारें ३३ घटकांचा, तर लहानांत लहान साडेसत्तावीस घटकांचा असतो.

बरें, एकदां परीक्षा झाली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. पाण्यांतील क्षार छिद्राच्या कडेला धरतो, छिद्र आंखडतें, आणि घटका लांबते. तो काढण्यासाठीं चिंच आणि राख लावून घांसावें तर तांबें झिजतें, छिद्र रुंदावतें, आणि घटका आंखडते. थंडीच्या दिवसांतील गार पाणी छिद्रांतून जरा सावकाश शिरतें, उन्हाळ्यांतील कोंबट पाणी लवकर. वाटीला पोंचा आला किंवा ती तेलकट राहिली, तरी हिशेब बिघडतो. म्हणून असें पात्र स्वयंपाकघरांतील भांड्यांत मिसळूं द्यावयाचें नाहीं, विहिरीवर घांसावयास द्यावयाचें नाहीं, मुलांच्या हातीं द्यावयाचें नाहीं. वापरांत नसेल तेव्हां तें फडक्यांत गुंडाळून पोथ्यांजवळ ठेवणें हाच शहाणपणा. साऱ्या घरांत सर्वांत कमी किंमतीचें आणि सर्वांत जास्त जपावयाचें असें हें भांडें.

त्याचा मानाचा दिवस लग्नाचा. सूर्योदयाचा मुहूर्त धरावयाचा कीं सूर्यास्ताचा हें पाहून जोशी त्या क्षणीं घटिकास्थापना करी. धान्याच्या राशीवर घंगाळ, घंगाळांत स्वच्छ पाणी, पात्राला हळदकुंकू, आणि मग पूजा होऊन पात्र पाण्यावर. तें पाण्यावर कोणत्या दिशेला सरकतें यावरून शकुनहि पाहात. मग मांडवांत कितीहि गर्दी होवो, वाजंत्री वाजोत, व्याही रुसोत, जोश्याचें लक्ष पाण्यावरून हलावयाचें नाहीं. शेवटची घटका अर्धी भरली कीं वधूवरांमध्यें अंतरपाट धरावयाचा, मंगलाष्टकें सुरू करावयाचीं, आणि कांठ पाण्याला लागतांच आवाज चढवावयाचा. 'सावधान' हा पुकारा आज नुसता प्रघात वाटतो. परंतु एक डोळा घंगाळावर ठेवून तो म्हणणाऱ्याच्या तोंडीं त्याला अगदीं अक्षरशः अर्थ होता. पात्र बुडालें कीं अंतरपाट दूर.

या प्रसंगाशीं जोडलेली लीलावतीची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. वैधव्ययोग टाळण्यासाठीं भास्कराचार्यानें कन्येच्या लग्नाचा एकच शुभ क्षण काढला, घटिकापात्र लाविलें, कन्या कुतूहलानें त्यांत वाकून पाहूं लागली, आणि तिच्या अलंकारांतील एक मोतीं पात्रांत पडून छिद्र बुजलें. मुहूर्त टळून गेला. ही कथा फैझीनें अकबराच्या आज्ञेवरून १५८७ त केलेल्या लीलावतीच्या फारशी भाषांतरांत आहे. भास्कराचार्याच्या स्वतःच्या लिखाणांत तिचा मागमूस नाहीं. कथा गोड आहे, आणि घटिकापात्राचा दुबळेपणा तींत नेमका पकडला आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्या गणित्यानें पात्राची परीक्षा कशी करावी हें इतक्या नेटकेपणानें सांगितलें, तो मुहूर्ताच्या दिवशीं पात्राकडे पाठ करून बसला असेल, हें पटत नाहीं. त्याच्या घराण्याची खरी हकीकत कथेहून सरस आहे. चाळीसगांवजवळील पाटण येथें डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणलेला इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यांत त्रिविक्रमापासून भास्कराचार्याचा नातू चंगदेव याच्यापर्यंत नऊ पुरुषांची वंशावळ दिली असून, आजोबाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातवानें मठ स्थापिल्याची नोंद आहे. नऊ पिढ्या विद्या घरांत टिकली ती अशी.

घटिकापात्र हें केवळ जोश्याच्याच घरचें होतें असें मात्र नाहीं. सातव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांत राहून गेलेला चिनी भिक्षु इत्सिंग सांगतो कीं, येथील मोठमोठ्या विहारांत जलघटिका असतात, आणि त्या व त्यांवर पहारा करणारीं मुलें हीं पिढ्यान् पिढ्यांच्या राजांनीं दिलेलीं दानें होत. पुढें नगरांत, राजवाड्यांत आणि देवळांत घटका भरली कीं जाड धातूच्या थाळीवर टोला देण्याची चाल होती. बाबरानें हिंदुस्थानांत आल्यावर आपल्या आत्मचरित्रांत या व्यवस्थेचें कौतुकानें वर्णन केलें आहे, आणि तींतील एक उणीवहि दुरुस्त केली. रात्रीं जाग आलेल्या माणसाला तीन किंवा चार टोले ऐकूं आले, तरी ते कोणत्या प्रहरांतील हें त्यास कसें कळावें? म्हणून बाबरानें आज्ञा केली कीं, घटकांच्या टोल्यांमागून थोडें थांबून प्रहराचेहि टोले द्यावेत. झोंपमोड झालेल्या माणसाचा विचार करणारा बादशहा म्हणून त्याची ही आठवण ठेवण्यासारखी आहे. 'घड्याळ' हा शब्द चाकांच्या यंत्राच्या आधीं या टोल्याच्या थाळीलाच लागत असे. आणि फारशींतून मराठींत आलेला 'तास' म्हणजेहि मुळांत वाटगें किंवा थाळीच. आपण मनगटावरचें घड्याळ पाहून 'दोन तास झाले' म्हणतों तेव्हां नकळत दोन थाळ्यांचेंच नांव घेतों.

याच कामाला युरोपांत वाळूचें घड्याळ लाविलें गेलें. दोन कांचेचे फुगे, मधें बारीक गळा. त्याचें सर्वांत जुनें निश्चित चित्र इटलींतील सिएना नगराच्या सभागृहांत लोरेन्झेत्ती या चित्रकारानें १३३८ त काढलेल्या भित्तिचित्रांत आहे. त्याचा मोठा उपयोग जहाजावर. घंगाळांतील पाणी हेलकाव्यानें हिंदकळतें आणि थंड देशांत गोठतें; वाळूला दोन्ही भयें नाहींत. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीज जहाजांवर हींच घड्याळें उलटीं करीत करीत खलाशी पहारे बदलीत आले. इंग्रजी आरमारांत अर्ध्या तासाचें वाळूचें घड्याळ आठ वेळां उलटलें कीं एक पहारा संपे, आणि आठ घंटा वाजत. पहारा लवकर सुटावा म्हणून वाळू पुरी उतरण्याआधींच घड्याळ उलटें करणारीं पोरेंहि तेथें होतीं. झोंपाळू पहारेकरी दोन्हीकडे सारखेच! वाळूनें गळा झिजतो, पाण्यानें छिद्र आंखडतें. दोन्ही यंत्रांना राखणदार माणूस सुटला नाहीं.

आपल्याकडे हा राखणदार वतनदार होता, आणि ही गोष्टहि झांकून ठेवूं नये. गांवगाड्यांत जोश्याला बलुतें मिळे. तिथि सांगणें, मुहूर्त काढणें, लग्न लावणें हा त्याचा वंशपरंपरागत हक्क. ज्योतिषपणाच्या वतनाचे तंटे जुन्या दप्तरांतून विपुल आढळतात. गांवचा काळ एका घरांत साठविलेला असला म्हणजे त्या घराचें वर्चस्व आलेंच. दक्षिणेवांचून मुहूर्त नाहीं, आणि मुहूर्तावांचून लग्न नाहीं. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला व ब्राह्मण पुरोहितावांचून लग्नें लागूं लागलीं, तेव्हां जोश्यांनीं आपली वृत्ति बुडाली म्हणून दावे लाविले. पात्राच्या पावित्र्याबरोबर पोटाचा प्रश्नहि गुंतलेला होता. जोश्याच्या परीक्षेचें आणि जागरणाचें कौतुक करावें; परंतु त्याच्याकडून मुहूर्त विकत घेणाऱ्या कुणब्याला तो किती महाग पडे, हेंहि विसरूं नये.

तरीहि घटिकापात्राचा अंत ना सुधारकांनीं केला, ना कोर्टानें. तो आगगाडीनें केला. पात्र जो काळ मोजी तो त्या गांवचा, त्या अंगणांतल्या सूर्याचा काळ. रत्नागिरीस सूर्य डोक्यावर येतो त्याच्या सुमारें २३ मिनिटें आधीं तो नागपूरास येऊन गेलेला असतो. जवळ जवळ एक पुरी घटका! बैलगाडीच्या दिवसांत या फरकाचें कोणाला सोयरसुतक नव्हतें. नागपूरची घटका नागपूरास खरी आणि रत्नागिरीची रत्नागिरीस. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, आणि हळूहळू दर स्टेशनावर निराळा मध्याह्न चालेना. रेल्वेनें मद्रासची वेळ धरली. १८८१ त तीच वेळ मुंबई शहरावर लादण्याचा प्रयत्न झाला, तो लोकांच्या विरोधामुळें मागें पडला. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्यायशी अंश पूर्व रेखांशाची एकच प्रमाणवेळ देशाला लागू झाली. ती मुंबईच्या सूर्याच्या सुमारें ३९ मिनिटें पुढें. मुंबईकरांनीं आपला 'मुंबई टाइम' म्हणून जो हट्ट धरला तो १९५५ पर्यंत पुरता सुटला नाहीं. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला ३९ मिनिटांची झोंप जाणें ही लहान गोष्ट नव्हती.

ही वेळ गांवांत आली तेव्हां जोश्याच्या पात्राचें कांहींहि बिघडलें नव्हतें. तें पूर्वींइतकेंच बरोबर बुडत होतें. परंतु स्टेशनावरचें घड्याळ एक सांगे आणि घंगाळ दुसरें. वऱ्हाडाला गाडी गांठावयाची असे. पंचांगांत घटीपळांशेजारीं तासमिनिटें आलीं, आणि कालांतरानें लोक तींच वाचूं लागले. आजचा पुरोहित मोबाइल पाहून अंतरपाट काढवितो. कांहीं लग्नांत घटिकास्थापना अजून होते. पात्राची पूजा होते, तें पाण्यावर सोडतात, आणि पुढें त्याच्याकडे कोणी पाहात नाहीं.

मग घरोघरच्या त्या वाट्यांचें काय झालें? ज्यांना अर्थ ठाऊक होता त्यांनीं त्या देव्हाऱ्याखालीं जपून ठेवल्या. परंतु आंकडा सांगणारे वडील गेले, पोथ्यांचें गाठोडें वाड्याच्या वांटणींत कोणाकडे तरी गेलें, आणि वाटी एकटी उरली. तिला ओळखण्याची खूण तळाचें छिद्र ही एकच. आणि नव्या सुनेच्या किंवा नातवाच्या डोळ्यांना तें छिद्र म्हणजे वाटीचा दोष. भोंक पडलेली वाटी घरांत ठेवूं नये, असें कोणीहि म्हणेल. तांब्याला मोडींत भाव बरा येतो, म्हणून ती वजनावर जाते. एखाद्या जुन्या वळणाच्या बाईला वडिलार्जित भांडें मोडींत घालणें जिवावर येतें. ती तें तांबटाकडे नेते. तो वाटी उजेडासमोर धरून छिद्र पाहतो, आंतून थोडी राळ आणि वरून चिमूटभर डाग लावून तें बुजवितो, कांठ ठोकून सरळ करितो, घांसून लख्ख करितो. वाटी घरीं येते. तिच्यांत पाणी ओतून पाहतात. आतां गळत नाहीं.